आमच्या व्याह्यांची समाधी

हुबळी-धारवाडात योगशास्त्रावर बोलणारे पुष्कळ असतील. पण चित्त शांत करण्याच्या नादात अख्ख्या घरादाराचं चित्त आमच्या व्याह्यांइतकं कुणी ढवळून काढलं नसेल. मी मुलीचा बाप, त्यामुळं त्यांचं ऐकून घेणं मला भागच. जुन्या हुबळीत त्यांचं कापडाचं दुकान. आजोबा सांगलीकडून आलेले, पण आता घरात मराठीत सुरू झालेलं भांडण कानडीत संपतं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. साठी उलटल्यावर कुठल्याशा प्रवचनात अण्णांनी योगाची आठ अंगं ऐकली आणि ती एकेक करून दुसऱ्यांवर आजमावायला घेतली.

पहिलं अंग यम, आणि यमात सत्य आलं. एका बाईंनी इरकल लुगड्याचा पदर बोटांत चोळत सहज विचारलं, "बण्ण होगतदेन्री, अण्णा?" रंग जाईल का, एवढाच प्रश्न. अण्णा म्हणाले, "जाईल की. देह जातो, तिथं रंगाचं काय घेऊन बसलात!" बाई उठल्या त्या थेट समोरच्या दुकानात. असं वरचेवर व्हायला लागल्यावर माझ्या जावयानं अदबीनं सांगितलं, "अण्णा, आता तुम्ही घरी आराम करा," आणि गादीवर स्वतः बसला. अण्णांनी ते फारच शांतपणे घेतलं. घरी येऊन त्यांनी अपरिग्रह आरंभला, म्हणजे विहीणबाईंची पितळेची पातेली देवळात देऊन टाकली. स्वतःचे तीन रेडिओ मात्र राहिले, कारण ते म्हणे वापरातले होते. सकाळी बागेत योगवर्ग भरे, तिथं जाऊन ऐन शीर्षासनाच्या वेळी ते सांगत, "शास्त्रात आसनाला महत्त्व फार थोडं आहे. स्थिर बसलं की झालं. ही सर्कस कशाला?" उलटी माणसं वाद घालू शकत नाहीत, दोघं पडली तेवढी. मग वर्गाच्या गुरुजींनी हात जोडून त्यांना न येण्याची विनंती केली. प्रत्याहार, म्हणजे इंद्रियं आत ओढून घेणं, त्यांना विशेष साधलं होतं. दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, बायकोची हाक, काही म्हणता काही ऐकू येत नसे. चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीभजी आल्याचं मात्र वरच्या मजल्यावर कळे.

एके दिवशी उप्पीट खाता खाता त्यांनी जाहीर केलं, "संसारात समाधी लागत नाही." अळणावर गावाच्या पलीकडं, रानाच्या कडेला, एका ओळखीच्या शेतकऱ्याची रिकामी खोली होती. वैराग्याला लागेल तेवढंच सामान त्यांनी बरोबर घेतलं: गादी, तक्क्या, लिंबाच्या लोणच्याची बरणी, एक रेडिओ आणि डास मारायची बॅट. मी म्हणालो, "अण्णा, अहिंसेचं काय?" ते म्हणाले, "व्याहीबुवा, बॅट नुसती डासांना दाखवायला."

आठवडाभर घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पुढं फोन लागेना. रक्तदाबाच्या गोळ्या कपाटातच राहिल्याचं विहीणबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी पिशवी भरली. जावई दुकान सोडून निघायला लागला, तर म्हणाल्या, "तू नको. तुझ्यापुढं ते स्वामीच होऊन बसतील." म्हणून त्यांच्याबरोबर मी गेलो. गाडीत त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला वाटतं, शास्त्रानं वेड लावलं? दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणारा माणूस हो तो. घरी बसून बोलणार कुणाशी?" इतकी वर्षं त्या माणसाला हसत आलो होतो, पण हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

खोलीच्या दाराशी शेतकऱ्याची बायको काळजीत उभी होती. "स्वामी कालधरनं डोळंच उघडीनात," ती म्हणाली. आत अण्णा भिंतीला टेकून मांडी घालून बसलेले, दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. विहीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भाजतंय अंग."

अण्णांनी डोळे किलकिले केले. "कशाला आलीस?"

"समाधी बघायला."

त्यांनी डोळे पुन्हा मिटले. मग हळूच म्हणाले, "लागली नाही गं."

"नाही तर नाही. घरीही न लागता राहता येतं की."

"घरी येऊन मी काय करू?" असं विचारताना त्यांचा आवाज फाटला. विहीणबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली. "आधी पाणी प्या," म्हणाल्या, आणि गादी गुंडाळायला लागल्या.

अळणावरच्या दवाखान्यात सलाईन लावून अण्णांना आम्ही हुबळीला आणलं. ताप उतरायला वेळ लागला. माणूस जरासा मऊ झाला, एवढंच. बोलणं काही कमी झालं नाही. आता दुपारी विहीणबाई तूरडाळ निवडायला बसल्या की आपणहून विचारतात, "काल कुठवर आलो होतो?" मग अण्णा बघणारा वेगळा आणि दिसणारं वेगळं हे समजावून सांगायला लागतात. थोड्या वेळानं विहीणबाईंची मान सुपावर कलते. अण्णा आवाज खाली आणतात, पण थांबत नाहीत.

परवा मी गेलो तेव्हा अण्णा आत चष्मा शोधत होते. मी विहीणबाईंना हळूच विचारलं, "अक्का, यातलं कळतं का हो काही?"

"छे हो," त्या डाळीतला खडा वेचत म्हणाल्या. "पण ते तिकडं होते ना, तेव्हा दुपारी घर फार शांत असायचं."