मैनाबाई सासरा होतात

भातकुलीच्या साधनानं पहिली कादंबरी लिहिली ती मळ्यातल्या झेंडूच्या कामातून वेळ काढून. अकोल्याच्या एका प्रकाशकानं ती छापली आणि बायांची बाजू रोखठोक मांडणारी लेखिका म्हणून तिला बोलावणी येऊ लागली. मग तिनं नाटक लिहिलं. शेतावर आपलं नाव मागणारी सून आणि ते नाकारणारा सासरा. तालमी घरच्या ओसरीतच चालायच्या. सासू मैनाबाई बाजूला हार ओवत बसायच्या. कान मात्र तालमीकडे.

पहिला प्रयोग अमरावतीत. पडदा उघडायची वेळ झाली आणि सासऱ्याचं काम करणाऱ्या जानरावांचा फोन आला, "भावकी नाराज हाय. मी काई येत नाही."

साधनाला रडू कोसळलं. बाहेर सभागृह भरलेलं. अचलपूरहून बाया एसटीनं आल्या होत्या.

"काहून रडून राहिली?" मैनाबाई प्रेक्षकांतून उठून आत आल्या होत्या. "धोतर दे मले."

"तुमी?"

"सारं पाठ हाय. रोज आयकतो ना!"

मिशी चिकटवली, फेटा बांधला. पहिल्याच वाक्याला टाळी पडली! पण दुसऱ्या अंकात मैनाबाई लिहिलेलं सोडून गरजल्या, "नाव पायजे? तुह्या बापानं वावर आणलं होतं का संगं? भाकर भेटते थे खाय अन् गप राय!"

विंगेत साधनाच्या अंगावर काटा आला. सून झालेली प्रणाली क्षणभर गडबडली, मग तीही भिडली, "भाकर मीच थापली, मामाजी. ज्वारीबी मीच सोंगली!"

बाया उभ्या राहून ओरडू लागल्या. मागून तर शिट्ट्या आल्या.

पडदा पडताच साधना धावली. "आत्याबाई, थे बोलणं कुठून आणलं?"

"तुह्या मामाजीचं, माह्या मालकाचं हाय. ते होते तवर आयकलं." मैनाबाईंनी मिशी उपटून काढली. डोळे चमकत होते. "अन् थे पोरगी बोलली ना, थे मले कधी बोलता नाही आलं. आज लय बरं वाटलं!"

पुढं जानराव परत यायला तयार झाले, पण जागा रिकामी नव्हती. अकोल्याचा प्रयोग मैनाबाईंनीच गाजवला. सध्या साधनाची दुसरी कादंबरी चालू आहे. मैनाबाई सांगतात, ती लिहिते, आणि दर पानाला दोघींचं भांडण होतं.