तांब्याच्या ठोकळ्यावर नानांचं नाव

आमच्या प्रेसमधले किस्से कूलरच्या जाळीवर साचणाऱ्या क्षारासारखे आहेत. रोज थोडे थोडे चढतात, कुणाच्या लक्षात येत नाहीत आणि एक दिवस खरवडायला बसलं की टोपलंभर निघतात! मैत्रिणींत मी एक सांगायला घेते आणि बाकीचे पोपडे आपोआप सुटून येतात. हे सगळे त्या एकाच उन्हाळ्यातले.

प्रेस माझ्या चुलत्यांची, नानांची. जळगावात, पत्र्याच्या छताखाली. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन मी तिथं कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवत होते. मार्च संपला आणि आमचा पेंटियम रोज दुपारी हँग व्हायला लागला. नवऱ्याच्या नावापर्यंत नीट यायचा, नवरीचं नाव आलं की थिजायचा! प्रोसेसरवरचा पंखा बिचारा काय करणार? खोलीतली भट्टीची हवाच त्याच्यावर फिरवणार.

नाना म्हणाले, "दुपारी माणूससुद्धा आडवं होतं. त्यालाही होऊ दे."

"ऐन लग्नसराईत, नाना?"

"मग ऐक. आखाजीपर्यंत बघतो. मशीन दुपारचं चाललं तर ठीक. नाही तर कॉम्प्युटर विकायचा, आणि तू धुळ्याच्या त्या स्थळाला होकार द्यायचा."

म्हणजे अक्षय्य तृतीयेला दोन्ही वस्तू एकदमच निकाली!

*

माझी योजना साधी होती. खोलीत कूलर होताच, आणि कूलरच्या टाकीतलं पाणी भर उन्हातही गार असतं. त्या टाकीत आणखी एक छोटा पंप सोडायचा, शेतातल्या ठिबकच्या नळीने पाणी प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून फिरवायचं आणि परत टाकीत आणायचं. पाणी ठोकळ्याच्या आतून वाहणार, बाहेर थेंबही नाही.

लेथवाल्या रशीदभाईंना मी कागदावर चित्र काढून दिलं. त्यांनी कागद सरळ धरला, उलटा धरला, आडवा धरला.

"बेटी, ये कौनसे इंजन का हेड है?"

"इंजिन नाही रशीदभाई, कॉम्प्युटर आहे."

"कॉम्प्युटर पानी पर चलता है?"

"पाण्यावर चालत नाही. पाण्याने थंड राहतो."

रशीदभाईंनी कागद पुन्हा उलटा धरला. मग हळूच म्हणाले, "तो फिर सायलेन्सर किधर लगाओगी?"

तरी ठोकळा केला मात्र झकास! कापसाच्या जिनिंग मिलच्या जुन्या स्विचबोर्डातली तांब्याची जाड पट्टी घेतली, आतून आरपार भोकं पाडून एकमेकांना जोडली, दोन टोकांना पितळी तोट्या बसवल्या. मग तो पाण्यात बुडवून तोटीत तोंडाने अशी हवा भरली की त्यांचेच डोळे बाहेर आले. एक बुडबुडा निघाला नाही.

*

आता ठोकळ्याची प्रोसेसरवर टेकणारी बाजू आरशासारखी सपाट हवी. मध्ये फट राहिली की सगळी मेहनत पाण्यात. मी काचेवर पॉलिश पेपर ठेवून बोटं सोलेपर्यंत ती बाजू घासली. इतकी, की तिच्यात पाहून टिकली लावता आली असती. ठोकळा कपड्यात गुंडाळून ठेवला आणि जेवायला घरी गेले.

परत येते तर ठोकळा गायब! थोड्या वेळाने नाना बाजारातून डुलत आले. हातात ठोकळा, चेहऱ्यावर समाधान. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे जाऊन आले होते. माझ्या त्या आरशावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं पूर्ण नाव, खाली प्रेसचं नाव, 'जळगाव', आणि शेवटी एक स्वस्तिक!

"नाना!! हे काय केलंत?"

"तांब्याची वस्तू आहे. नाव नसलं की लग्नघरी बदलून जाते."

"ही कशाला जातेय लग्नघरी?"

"वस्तूचं काही सांगता येत नाही."

मी पुन्हा काच मांडली, पुन्हा घासायला बसले. संध्याकाळी नाना डोकावले.

"आता काय चाललंय?"

"तुमचं नाव पुसतेय."

"अगं, मी अजून बसलोय इथं!"

*

ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक पांढरी पेस्ट पातळसर लावतात. टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे मिळते. नानांनी विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, ही उष्णता ओढून घेते. चूक माझीच, इतक्या सोप्या भाषेत सांगायला नको होतं. दुपारी नाना आरामखुर्चीत, कपाळावर पांढरा लेप!

अक्का, म्हणजे आमच्या काकू, डबा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "हे कोणत्या देवाला जाऊन आले?"

"काही ओढत नाही गं ही," नाना कपाळ चोळत मला म्हणाले. "दुकानदाराने फसवलं तुला."

*

मग प्रत्यक्ष बसवणं. ठोकळ्याला चार स्क्रू. ते समोरासमोरचे, थोडे थोडे, नुसत्या बोटांनी आवळायचे. नानांचा जन्म गेला छपाईच्या जुन्या यंत्राचे नट आवळण्यात. ते माझ्या डोक्यावर उभे.

"आवळ अजून. गळेल!"

"गळत नाही नाना, पाणी आत आहे."

"आत आहे ते बाहेर येतंच. आवळ!"

मी हात पुसायला वळले तेवढ्यात त्यांनी पाना लावलाच. कर्रर्र! मदरबोर्डाचा भाजलेला पापड झाला. नशीब, नुसताच वाकला, तुटला नाही. मी स्क्रू सैल करत बोर्ड सरळ केला आणि नियम जाहीर केला, "ठोकळा बसवताना खोलीत चाळिशीपुढचं माणूस नको!"

"प्रेसचा मालक कोण?" नाना गरजले.

"तुम्हीच. बाहेरून!"

*

मशीन चालायला लागलं. भर दुपारी! अमळनेरकडचे एक शेतकरी मुलीच्या लग्नाची पत्रिका घ्यायला आले. कूलरमधून निघून कॉम्प्युटरच्या पोटात शिरणारी काळी नळी त्यांनी डोळे बारीक करून पाहिली.

"हाई काय शे बहीण? कंपूटरले बी ठिबक लाई दिधं?"

"हो, दादा."

"मंग खत कव्हय देतस?"

ते गेल्यावर नानांनी मला बाजूला घेतलं. "खरंच, काही द्यावं लागतं का गं?"

*

आखाजी तोंडावर आली आणि धुळ्याचे आबा, म्हणजे मुलाचे वडील, मला बघायला यायचे होते. घरी नाही, थेट प्रेसमध्ये. भर दुपारी. मी साडीत, समोर पत्रिका, मशीन चालू. ते आता थांबलं की माझा निकाल तिथंच!

पाहुण्यांना गार वारा लागावा म्हणून अक्कांनी काय करावं? कूलरच्या टाकीत बर्फाची अर्धी लादी सोडली. थोड्या वेळात ठोकळ्याला घाम फुटला. कूलरच्या ओलसर हवेत तोट्यांवर दव धरलं आणि एक टपोरा थेंब मदरबोर्डाच्या दिशेने ओघळायला लागला. मशीन बंद करावं तर शर्यत हरले, न करावं तर मशीन गेलं.

मी टेबलाखाली शिरले. कॉम्प्युटरचा डबा तिथंच उघडा होता. पदराने थेंब टिपत बसले.

आबा आत आले. "मुलगी कुठंय?"

"टेबलाखाली," नाना म्हणाले.

"टेबलाखाली का?"

"लाजतेय."

"अक्का, आधी तो बर्फ काढा!" मी खालून ओरडले.

आबा गुडघे धरत खाली वाकले. एवढे वाकले की टोपी पडली. "हे काय आहे?" मी पदर न थांबवता सगळं सांगितलं. टाकी, पंप, ठोकळा, बर्फ आणि अक्का. त्यांनी टोपी उचलली. चहा घेतला, "कळवतो" म्हणाले आणि गेले. संध्याकाळपर्यंत मशीन एकदाही थिजलं नाही. नानांनी दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या पत्रिका गुपचूप माझ्या टेबलावर आणून ठेवल्या, म्हणजे शर्यत मी जिंकले!

*

आखाजी झाली आणि धुळ्याहून फोन आला. नाना नुसतेच "हो, हो" करत होते. फोन ठेवला आणि टोपी काढून बसले.

"मुलीचं नंतर बघू म्हणतात. त्यांच्या मुलाच्या कॉम्प्युटर क्लासमधलं मशीन दुपारी हँग होतं. आधी ते तांब्याचं पाहिजे."

अक्का म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे पसंत पडलं कोण?"

मी सांगितलं, बसवायला मीच जाणार, आणि ठोकळ्यावर कुणाचं नाव घालायचं नाही. रशीदभाईंनी दुसरा ठोकळा केला. नाना आणि मी एसटीने धुळ्याला गेलो. क्लासच्या खोलीत आबा आधीच येऊन उभे होते. हातात हा एवढा पाना! नानांनी तो पाहिला आणि पसंतीने मान हलवली.

आतून पोह्यांचा ट्रे घेऊन मुलगा आला. मी म्हटलं, "बसा."

बसला.

"स्क्रू किती आवळायचे, सांगता येईल?"

त्याने एकदा आबांच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं, एकदा नानांकडे. मग ट्रे खाली ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाला,

"आधी या दोघांना बाहेर पाठवू."