लहानच पुरे

सासऱ्यांना पक्षाघात झाला आणि टायपिस्टवहिनींची नोकरी सुटली. "थोडेच दिवस गं," नवरा म्हणाला होता. त्या थोड्या दिवसांची वर्षं झाली. मध्येच वहिनींचं मनगट मोडलं, वाकडंच जुळलं. पेन धरला की कागदावर कोंबडीचे पाय उमटायचे. टाइप मात्र करता यायचं. म्हणून त्यांनी पामटॉप, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, मागितला. "बाबांच्या औषधांच्या वेळा लावता येतील," असं सांगितलं. कादंबरी लिहायचीय हे सांगितलं नाही.

दुकानदाराने दोन मशीनं पुढे ठेवली. "हे एकशे अठ्ठावीस केबीचं. यात जागा मागाहून वाढत नाही. दुसऱ्यात चौपट जागा, शिवाय ही खाच बघा. मेमरी कार्ड सरकवा की झालं."

वहिनींचा हात दुसऱ्याकडे गेला.

"एवढ्या जागेत काय पापड वाळत घालणार?" नवरा हसला. "लहानच पुरे."

कादंबरीचं नाव काढायला जीभ रेटेना. लहानच आलं.

सासऱ्यांचा पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम एक खुर्ची मावायची. सासरे डुलकी घेत तेव्हा मशीन मांडीवर घेऊन वहिनी लिहीत: बोटीवर स्वयंपाकीण म्हणून चढून निघालेल्या एका बाईची गोष्ट. बोट बंदरातून सुटते न सुटते तोच पडद्यावर अक्षरं आली, जागा शिल्लक नाही. निम्मी जागा नवऱ्याच्या ऑफिसातल्या पत्त्यांनी खाल्ली होती.

"थोडे पत्ते काढू का?"

"वेडी की काय! कामाचे आहेत ते."

दुकानदार फोनवर म्हणाला, "ताई, तेव्हाच बोललो होतो. आणि कॉम्प्युटरला जोडायची वायरसुद्धा याला नाही."

म्हणजे पुढचं लिहायचं तर मागचं पुसायचं. त्या दुपारी वहिनींनी पहिलं प्रकरण सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि पुसायला बोट उचललं. सासऱ्यांनी चालता हात मशीनवर ठेवला. "नको," ते म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून असा स्पष्ट शब्द आला नव्हता.

"नाही पुसलं तर बाई बंदरातच अडकते, बाबा."

त्यांनी मग हात काढून घेतला. "जाऊ दे तिला."

तेव्हापासून तसंच चाललं. एक प्रकरण वाचायचं, पुसायचं, पुढचं लिहायचं. सासरे गेले तेव्हा कादंबरी पुरी झाली होती, पण मशीनमध्ये शेवटची तीनच प्रकरणं उरली होती.

वहिनी परत नोकरीला लागल्या, दिवसभर साहेबाची पत्रं टाइप करू लागल्या. सुरुवात पुन्हा लिहायला बसल्या, पण दोन ओळींपलीकडे सरकेना. बॅटरी संपली तर उरलेलंही जाईल, म्हणून त्या वेळच्या वेळी सेल बदलत.

"औषधं संपली आता," नवरा एकदा म्हणाला. "कशाला जपतेस ते खेळणं?"

"तुमचे पत्ते आहेत ना त्यात," वहिनी म्हणाल्या आणि झाकण लावलं.