‘तुला’ आणि ‘तुझं’

आमच्या ताईला घरात सगळे भागूबाई म्हणतात. भित्री भागूबाई. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, झुरळ दिसलं की पलंगावर, आणि फोन वाजला की आधी माझ्याकडे बघते, जणू मीच वाजवला. आणि अशा बाईनं आयुष्यभर अभ्यास कशाचा करावा? तर धमक्यांचा! मी म्हणायचे, "अगं, मुकाट्यानं व्याकरण शिकव ना." तर म्हणे, "मला भीती वाटते म्हणूनच मला ते कळतं." कळतं म्हणे, डोंबल!

ती विद्यापीठात भाषेच्या विभागात शिकवते. खाली माझं शिवणकामाचं दुकान, वर आम्ही दोघी राहतो. एखादं साधं वाक्य धमकी कधी होतं, हे शोधणं तिचं काम. जोडीला कायदा शिकवणारे एक सर आणि मानसशास्त्राच्या एक बाई. ‘बघून घेईन’ एवढ्या दोन शब्दांवर तिघं वर बसून इतकी डोकेफोड करायची, की मला खाली माझं मशीन ऐकू येईना. ताई लोकांचं बोलणं टिपत फिरायची. लग्नात व्याही भांडायला लागले की सगळे सोडवायला धावायचे, आणि ही खांबामागे लपून, थरथरत, तळहातावर लिहून घ्यायची.

शेवटी त्यांनी लेख लिहिला. ‘तुला बघून घेईन’ म्हटलं तर ती धमकी. ‘तुझं मी बघून घेईन’ म्हटलं तर तो भरवसा, म्हणजे तुझं काम माझ्याकडे लागलं, तू निश्चिंत राहा. मलाही पटलं होतं. तिघं महिनाभर हवेत होती.

तो लेख एका वकिलाच्या हाती लागला. झालं असं, की एक नर्सबाई नवऱ्याचा मार खाऊन खाऊन घराबाहेर पडली होती. नवऱ्यानं तिला दवाखान्याच्या फाटकाशी गाठलं आणि म्हणाला, "तुझं मी नीट बघून घेईन." त्यानं तिच्या आसपास फिरकू नये, असा हुकूम ती कोर्टाकडे मागत होती. नवऱ्याच्या वकिलानं लेख पुढे केला. बघा, हा ‘तुझं’ म्हणालाय, ‘तुला’ नव्हे. हा तर बायकोची काळजी घेतोय! आणि खातरजमा करायला कोर्टानं ताईला बोलावलं.

"मला चक्कर येईल गं तिथे," ताई म्हणाली.

साक्षीच्या दोन दिवस आधी दुपारी एक माणूस दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. पँट आखूड करायची होती. मी माप घेतलं. तो छताकडे बघत म्हणाला, "मोठ्या बाई वरच राहतात ना? कोर्टात यायचंय त्यांना. त्यांना म्हणावं, घाबरू नका. त्यांचं आम्ही बघून घेऊ." मग दारात थांबला. "पँटची घाई नाही. येईन मी घ्यायला."

माझं तोंड गावभर चालतं, पण तेव्हा मी नुसती मापाची टेप गुंडाळत बसले. हाच तो नवरा, हे न सांगता कळलं. शटर ओढलं आणि वर पळाले. ताईनं मला तीनतीनदा विचारलं, "त्यांना बघून घेऊ म्हणाला, की त्यांचं?"

"त्यांचं गं बाई, त्यांचं!"

ती मटकन खाली बसली. "म्हणजे आम्ही चुकलो," म्हणाली.

मी तिला समजावलं, ओरडले, अक्षरशः हातापाया पडले. एका अक्षराचा प्रश्न आहे. वकील विचारेल, लेखात लिहिलंय ते खरं का? तू ‘हो’ म्हण आणि घरी ये. खोटंही नाही, तूच लिहिलंयस. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आधी त्याची पँट शिव."

"मी हात लावणार नाही त्या मेल्याच्या पँटीला!"

"शिव गं. काम राहिलं तर त्याला यायला कारण राहील."

शिवली. दोनदा सुई बोटात घुसली.

कोर्टात ताई उभी राहिली तेव्हा तिनं कठड्याला इतकं घट्ट धरलं होतं की बोटांत रक्त दिसेना. समोर नर्सबाई, गुडघे जुळवून, ताईच्या तोंडाकडे टक लावून. मागच्या बाकावर तो. वकिलानं विचारलं, "‘तुझं बघून घेईन’ म्हणजे भरवसा. हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो," ताई म्हणाली.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि नर्सबाईनं मान खाली घातली, तेही मला दिसलं.

"पण ते चुकलं," ताई म्हणाली. आवाज इतका बारीक, की न्यायाधीशबाईंनी पुन्हा बोलायला सांगितलं. "ते चुकलं. आम्ही वाक्यं गोळा केली ती दुकानांतून, ऑफिसांतून, लग्नांतून. ज्याला एकदा मार बसलाय त्याला ‘तुझं बघून घेईन’ कसं ऐकू येतं, ते आम्ही विचारलंच नाही. परवा हेच वाक्य माझ्या बहिणीला ऐकवलं गेलं, माझ्यासाठी. तेव्हापासून मी खिडकी उघडलेली नाही."

"कोणी ऐकवलं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

ताईनं बोट दाखवलं. बोट नुसतं लटपटत होतं, पण दिशा बरोबर होती.

हुकूम निघाला. नर्सबाईच्या जवळ त्यानं फिरकायचं नाही. नर्सबाईच्या. आमचं नाव त्यात कुठून असणार?

बाहेर जिन्यात तो उभाच होता. हसून मला म्हणाला, "माझी पँट झाली असेल ना? संध्याकाळी येतो."

ताईनं पर्समधून कागदात बांधलेली घडी काढली. दारावरच्या पोलिसाच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिथून हात लांब केला. "झाली आहे. ही घ्या. दुकानात यायची गरज नाही."

त्यानं घडी घेतली. आमच्याकडे बघत राहिला, आणि गेला.

रिक्षात ताईला ओकारी आली. मी तिची पाठ चोळत होते. जिना चढताना ती दर पायरीला मागे वळून बघत होती. घरात शिरताच तिनं कुलूप लावलं, वरची कडी लावली, खालची लावली, खुर्ची आणून दाराला टेकवली. मग बाजूला सरकली.

"सगळं नीट लागलंय का गं?" म्हणाली. "तू एकदा बघून घे."