इंजिन पुढे की मागे?

आमच्या सावद्यात डेटोना गाडी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण 'डेटोना आबा' म्हटलं की कुणीही घर दाखवायचं. आबांनी उभी हयात केळीचा ट्रक चालवला. अन् जीव जडला कशावर, तर जुन्या इटालियन गाड्यांवर! पोराच्या मोबाइलवर त्यांनी डेटोना आणि मिउरा पाहिल्या आणि घरात कायमचं भांडण लागलं.

मिउराचं इंजिन चालकाच्या पाठीमागे. डेटोनाचं पुढे, लांबलचक बॉनेटखाली. बाप डेटोनाचा, पोरगा किशोर मिउराचा. संध्याकाळी ओट्यावर दोघं असे तावातावाने बोलत, जणू सकाळी दोन्ही दारात येऊन उभ्या राहणार आहेत. मी शेजारी, म्हणून पंच. काकू आतून ओरडायच्या, "दोन्ही इकून टाका अन् जेवाले या!"

आबांचं म्हणणं अस्सल ट्रकवाल्याचं. "इंजिन पुढेच पाह्यजे. ठोकली तं आधी लोखंड मरीन, मंग मानूस." त्यांचा ट्रकही जुना, लांब नाकाचा. किशोर हसायचा. "आबा, तुम्ही गाडी ठोकाले घेता का चालवाले? मिउरा पाहा, कशी जमिनीले चिकटेल हाये. तुमची डेटोना तिच्यापुढे म्हैस हाये म्हैस!" म्हैस म्हटलं की आबा त्या दिवशी त्याच्याशी बोलायचे नाहीत.

पुढे जुना ट्रक थकला. किशोरने चपट्या तोंडाच्या नव्या ट्रकचा हट्ट धरला. माल जास्त बसतो, वळायलाही सोपा. त्यात इंजिन चालकाच्या खाली, तो अगदी काचेजवळ बसतो, पुढे काहीच नाही. आबांना तो मनातून नको होता. पण एवढा हेकट माणूस, पोराच्या हौसेपुढे विरघळला. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं अन् मला म्हणाले, "घे, आली मिउरा घरात!" केवढे खूश होते दोघं त्या दिवशी.

उन्हाळ्यात केळी गाडीतच पिकायला लागते, म्हणून आमचे ड्रायव्हर वाटेत थांबत नाहीत. किशोर मुंबईचा माल घेऊन निघाला. रात्री धुळ्याच्या अलीकडे एक कंटेनर बंद पडून रस्त्यातच उभा होता. मागे दिवा नाही, चार दगडही लावलेले नाहीत. केबिन कापून पोराला बाहेर काढावं लागलं. आबांना घेऊन मीच गेलो होतो. मागचे केळीचे घड जसेच्या तसे होते. आबा त्या घडांकडेच बघत राहिले. मला त्या केळीचा भयंकर राग आला.

महिन्याभराने त्यांच्याजवळ ओट्यावर बसलो होतो. आबा अन्न टाकून बसले होते. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "आबा, काही म्हणा, डेटोनाच भारी."

"चूप!" आबा एवढ्या जोरात ओरडले की काकू धावत बाहेर आल्या. "मिउरा भारी. किशोर म्हने तेच खरं."

मग काकूंकडे बघत म्हणाले,

"मी खोटा पडलो असतो ना, तं माह्यं पोरगं घरी आलं असतं."