हेलेनाबाईंची चार पानं

ऑफिसातले किस्से आमच्याकडच्या वाळूसारखे असतात. खिडक्या कितीही घट्ट लावा, आठवड्याभरात कोपऱ्यात थर जमलेला! आज झाडायला बसले, तर हे एवढे निघाले.

इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समध्ये एकविसाव्या मजल्यावर आमची चिमुकली संशोधन संस्था आहे. मोरावियन नावाचा एक जुना ख्रिस्ती पंथ, मूळचा युरोपातला. त्यांचा इतिहास आणि त्यांचे जुने कागद आम्ही सांभाळतो. संचालक हेलेनाबाई, स्वतः त्याच पंथातल्या, वय सत्तरीचं. मी स्कॅनिंग बघते. चहापासून कपाटाच्या किल्ल्यांपर्यंत बाकी सगळं देवगडचे सावंतमामा बघतात.

या पंथात एक रीत आहे. प्रत्येकानं आपल्या आयुष्याची हकिगत स्वतः लिहून ठेवायची. माणूस गेला की त्याला निरोप देताना ती सगळ्यांसमोर वाचतात. आमची कपाटं असल्या हकिगतींनी भरलीत.

पुण्याच्या आत्यानं एकदा फोनवर विचारलं, "तू नक्की करतेस काय गं तिथे?"

"मेलेल्या माणसांनी लिहिलेली आत्मचरित्रं स्कॅन करते."

आत्या म्हणाली, "आणि त्यावर व्हिसा मिळतो?"

*

दुसरी रीत चिठ्ठ्यांची. पूर्वी मोठा निर्णय असला की हे लोक तीन चिठ्ठ्या ठेवायचे. एक 'हो', एक 'नाही' आणि एक कोरी. कोरी निघाली तर देव म्हणतोय, अजून वेळ आली नाही, थांबा. बाईंनी गंमत म्हणून तसा डबा टेबलावर ठेवलाय.

एकदा बिर्याणी मागवायची का, यासाठी त्यांनी चिठ्ठी काढली. कोरी. अर्ध्या तासानं परत काढली. परत कोरी! तीन वाजत आले. मामांना डायबिटीस. त्यांनी सरळ डब्याचं झाकण लावलं आणि फोन उचलला.

"मॅडम, भगवान रुक सकता है. मेरा शुगर नहीं रुकता!"

*

डिसेंबरात बाईंनी खिडकीत कागदाची मोठी चांदणी टांगली, आत दिवा. त्यांच्याकडे नाताळाच्या आधी लावतात. मामा बघतच राहिले. "अहो, हा तर आपला आकाशकंदील! दिवाळी होऊन गेली की!"

पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच तो दिवाळीत लावला आणि जानेवारी उजाडला तरी काढू देईनात. बिल्डिंगच्या मेंटेनन्सवाल्यानं दारात येऊन विचारलं, "हे कधी उतरणार?"

मामा हसून म्हणाले, "इन्शाल्ला!"

*

त्याच जानेवारीतली एक सकाळ. एवढं धुकं की खालचं तळं गायब, समोरच्या टॉवर्सचे नुसते शेंडे हवेत तरंगतायत. फोन नाही, ट्रॅफिकचा आवाज नाही. बाई खिडकीशी बसून एक हकिगत मोठ्यानं वाचत होत्या, जर्मनमध्ये. ग्रीनलंडला गेलेल्या कुणा बाईची होती म्हणे. मला अक्षर कळत नव्हतं, पण उठवेना. चहाचा ट्रे घेऊन मामाही उभेच. चहा निवला तरी उभे.

वाचन संपल्यावर ते हळूच म्हणाले, "ये बोट में गई ना, मॅडम? वापस नहीं आई."

बाई दचकल्याच. "तुम्ही जर्मन कधी शिकलात?"

"नहीं मॅडम. पढ़ते टाइम आप हिल रहे थे. फिर एकदम हिलना बंद हो गया."

मी त्या दिवशी एकही पान स्कॅन केलं नाही. खोटं कशाला सांगू, रडू आलं मला.

*

गेल्या वर्षी बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, अबुधाबीला. त्यांना ऑपरेशनची धास्ती नव्हती. काळजी वेगळीच होती. जन्म गेला दुसऱ्यांच्या हकिगती वाचण्यात, स्वतःची एक ओळ लिहिलेली नव्हती. "मी गेले तर तुम्ही वाचणार काय?" म्हणाल्या आणि आठवडाभर केबिनचं दार लावून बसल्या.

घरी सांगितलं तर माझी लेक सई म्हणते, "आई, दॅट्स सो क्रीपी!"

चार पानं झाली. बाईंनी ती पाकिटात घातली आणि चिकटवायला मामांकडे दिली. पाकिटं चिकटवणं त्यांचंच काम. "मी परत नाही आले तर हे वाचायचं."

मामांनी पाकीट घेतलं. लिफ्टमध्ये मात्र माझ्यावर उखडले, "काहीतरी भलतंच! जित्या माणसानं आपलं शेवटचं पान लिहून टाकायचं?"

*

ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी मामा आणि मी भेटायला गेलो. बाईंनी पाकीट मागवलं होतं. चेहरा उतरलेला, पण उशीला टेकून बसल्या होत्या. देवाशप्पथ, इतकं हलकं वाटलं मला!

"वाचलं नाहीत ना?"

"तुम्ही समोर बसलायत. कसं वाचणार?" मी म्हटलं.

"मग आता मीच वाचते. एरवी लिहिणाऱ्याला स्वतःची हकिगत ऐकायला मिळतेच कुठे?"

बाईंनी चष्मा लावला, पाकीट फोडलं, आत बोटं घातली. पानं नव्हतीच. एक एवढीशी चिठ्ठी चादरीवर पडली. त्यांनी ती उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. दोन्हीकडून कोरी.

"सावंत, माझी चार पानं कुठे आहेत?"

मामा खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून संत्रं सोलत होते. एकेक बी काढून बशीच्या कडेला ठेवत होते.

"संतरा खाओ, मॅडम," ते म्हणाले. "मीठा है."