हे दुकान इथेच आहे का?

भद्रावतीला बहिणीकडे मी चार दिवस आराम करायला गेले आणि दुसऱ्याच सकाळी गडचिरोलीच्या गाडीत बसले. एका जागी बसणं मला जन्मात जमलेलं नाही. "तुझ्या पायाला भिंगरी आहे," बहीण चिडून म्हणाली. तिचं खरं होतं.

गडचिरोलीहून धानोऱ्याची गाडी धरली. दोन्ही बाजूंना साग, मधेच पाण्याने भरलेल्या बांध्या (धानाची शेतं). एका फाट्यावर गाडी थांबली. तिथे पळसाच्या पानांनी टोपली झाकून एक बाई बसली होती. टोपलीत सात्या (वारुळावर उगवणाऱ्या जंगली अळिंब्या) होत्या. मी तिथेच उतरले.

त्या यमुनाबाई. त्यांनी मला घरी नेलं, सुनेने सात्यांचा तिखट रस्सा आणि भात वाढला. असं काही मी आजवर खाल्लेलं नव्हतं. मग माझं टुमणं सुरू झालं, या उगवतात कुठे ते दाखवा.

"जागा कोनाले दाखवत नाई, बाई. माह्या मायनं मले एकटीलेच सांगितली होती. सुनेले बी अजून सांगितली नाई. हंगामभर त्याच्यावरच तर चालते आमचं."

"मी आजच निघून जाणार. मी कोणाला सांगणार?"

त्यांनी टोपली उचलली. "चला," म्हणाल्या.

चिंचेपासून डावीकडे, ओढा ओलांडून टेकडीवर गेलो. मोहाच्या तीन झाडांमागे वारूळ होतं आणि त्यावर पांढऱ्या सात्या दाटीने उभ्या होत्या. मी किलोभर घेतल्या. गावात नेटवर्क नव्हतं, टेकडीवर होतं, म्हणून पैसेही तिथेच भरले. सुनेने टोपलीला क्यूआर कोडचं कार्ड बांधलेलं होतं. पैसे गेल्यावर फोनने विचारलं, ‘हे दुकान इथेच आहे का?’ न वाचताच मी ‘हो’ दाबलं. असले प्रश्न कोण वाचतं?

धानोऱ्याला पोहोचल्यावर चहा पिता पिता चाळा म्हणून तेच ॲप उघडलं. ‘तुमच्या आसपासची दुकानं’. हिरव्यागार नकाशात, कुठलीही वाट नसलेल्या जागी, दुकानाची खूण म्हणून एक छोटी पिशवी आणि खाली यमुनाबाईंचं नाव. चहावाल्या भाऊंना त्यांच्या फोनवर तेच ॲप बघायला सांगितलं.

"हे तं आपल्या यमुनाबाई!" ते हसले. "जंगलात कुठी दुकान टाकलं यायनं?"

मी ॲपमधून ती खूण काढायला गेले. ‘माहितीबद्दल आभार. आपल्या सूचनेचा विचार केला जाईल.’ दहादा तेच. शेवटी ऑटो करून परत गेले आणि यमुनाबाईंना सगळं सांगितलं. मला माझी लाज वाटत होती.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पैसे घेतले तं घेतले," त्या हळू म्हणाल्या, "मी कुठी उभी राह्यली ते काऊन पाहिजे तुमच्या फोनले?"



यातून वाट सुनेने काढली: बाजारात बऱ्याच जणांनी ‘हो’ दाबलं तर खूण तिकडे सरकेल. दुसऱ्या दिवशी धानोऱ्याचा बाजार होता. यमुनाबाई टोपली घेऊन बसल्या आणि मी बाजूला उभी राहून प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत सुटले, "प्रश्न आला की ‘हो’ दाबा, दुकान इथेच आहे!" लोकांना मी वेडी वाटले असणार. दर पाच मिनिटांनी मी नकाशा बघत होते. दुपारी पिशवी जंगलातून उठली आणि बाजारात येऊन बसली. मी आनंदाने फोन त्यांच्यापुढे धरला.

"थे झालं," त्या म्हणाल्या. "आनि तुमच्या डोक्यातली?"

"कोणाला सांगणार नाही," मी म्हणाले. कालही मी हेच म्हणाले होते.

भद्रावतीला परतले तर फोनने विचारलं, ‘प्रवास कसा झाला?’ मी कुठे गेले, कुठे थांबले, सगळं त्याच्याकडे होतं. नकाशावरची पिशवी हलली, पण टेकडीवर पैसे भरताना मी कुठे उभी होते हे त्या कंपनीकडे आहेच. यमुनाबाईंच्या सुनेला मात्र ती जागा अजूनही माहीत नाही. या विचाराने मी घरी येऊनही स्वस्थ बसू शकलेले नाही.

हे लिहिताना माझ्या हातात आहे तेवढं मी केलंय. यमुनाबाई हे त्यांचं नाव नाही. त्या वाटेवर चिंच नाही, ओढा नाही, मोहाची झाडंही नाहीत. काय आहे, ते मी कोणालाच सांगणार नाही.